मुटकेबाय

मुटकेबायनं कुठल्याही तान्ह्या पोराचं तोंड आधी पाहिल्याचं मला आठवत नाही. ती आधी हात बघायची. एखादी बाई पोराला कडेवर घेऊन दारात आली, की आपण कसं हनुवटीला बोट लावून "कुणावर गेलाय हो?" म्हणतो, तसलं काही ती करत नसे. पोराची मूठ आपल्या तळव्यावर घेई, अंगठ्यानं हळूच उलगडे, आपलं बोट तिच्यात ठेवी आणि पोर ते कसं धरतं ते बघत राही. कुणी अख्ख्या मुठीनं आवळी. कुणी चारच बोटांनी ओढी. कुणी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून तिच्या नखाशी खेळे. एवढं बघून झालं, की ती चुलीकडे वळत म्हणे, "लांबट." नाहीतर "चपटो." नाहीतर "ह्याका आता चिमटीचे." मग कुठं तिला पोराचं नाव विचारायची आठवण होई.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्न होऊन नुकतीच गिरगावातून परळला आले होते. यजमान शाळेत मास्तर आणि मी एका दवाखान्यात, लहान मुलांकडे, नर्स. आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्यापासून तिसरी खोली मुटकेबायची. चाळीतल्या आणि आसपासच्या निम्म्या बायका गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला. सकाळचा भोंगा व्हायच्या आत पाच-सहा जणी आपापलं पोर तिच्या खोलीत सोडून जिना उतरायच्या. गिरणीत पाळणाघर होतं, पण तिथं जागा थोडी आणि पोरं फार. शिवाय मुटकेबायकडे पोर ठेवलं की ते खातं, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. कसं खातं, हे मात्र कुणी नीट सांगू शकत नव्हतं. मला तेच कळून घ्यायचं होतं.

मुटके कोकणातल्या माणसाला सांगायला नकोत. पिठाची उकड काढायची, मळायची, मुठीत दाबायची आणि वाफवायची. वर चार बोटांचे वळ उमटतात, म्हणून मुटका. मुटकेबाय मालवणकडची. तिचे मुटके कधी तांदळाचे, कधी नाचणीचे. त्यात एक दिवस उकडलेला लाल भोपळा, एक दिवस मऊ शिजवलेली मुगाची डाळ, एखाद्या दिवशी पिकलं केळं. वर थेंबभर तूप, मीठ नावाला. टोपात पाणी उकळत ठेवायचं, तोंडाला फडकं बांधायचं, फडक्यावर मुटके मांडायचे आणि वरून ताट झाकायचं. नंतर ते ताटलीत घालून पोरांच्या पुढ्यात ठेवून द्यायचे. भरवणं नाही, चमचा नाही, "काऊचा घास" नाही. पाच-सहा पोरं भिंतीला पाठ लावून बसलेली, प्रत्येकाच्या पुढं जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली आणि प्रत्येक जण आपापल्या उद्योगात. सगळ्यांत लहान सात महिन्यांचं असेल.

लांबट, चपटा आणि चिमटीचा म्हणजे काय, ते मी तिच्या उंबऱ्यावर बसून हळूहळू शिकले. सहा-सात महिन्यांच्या पोराला मूठ मिटता येते, पण मिटलेल्या मुठीत काय आहे ते तोंडात घालता येत नाही. "मुठीत गेला ता गेला," मुटकेबाय म्हणायची. "वर डोक्या काढल्यान, तेवढाच त्याचा." म्हणून त्याला करंगळीएवढा लांबट मुटका, अर्धा मुठीत, अर्धा बाहेर. पुढं पोर बोटांनी उचलायला लागलं, की चपटा, अर्ध्या चंद्रासारखा. आणि ज्या दिवशी ते जमिनीवरची मुंगी अंगठ्या-बोटात धरायला जाईल, त्या दिवसापासून चिमटीचे, चिंचोक्याएवढे, दाबून चपटे केलेले. गोल मात्र ती कधीच करत नसे. "गोल मुटको देवाक," ती सांगे, "लांब मुटको पोराक. गोल घशात जावन बसता."

मला नर्सिंगमध्ये शिकवलेलं सगळं याच्या उलट होतं. घड्याळ बघून भरवायचं, गाळून भरवायचं, पातळ भरवायचं आणि चमच्यानं. नवव्या महिन्यातल्या पोरानं आपल्या हातानं खाणं आमच्या कुठल्या धड्यात नव्हतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात आमची जुंपली. एका पोराला मुटका खाताखाता ठसका लागला. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. मी उठून धावले, त्याच्या तोंडात बोट घालणार, तेवढ्यात मुटकेबायनं माझं मनगट धरलं.

"थांब गो, नर्सबाय. आवाज येता ना?"

"बाय, त्याला लागलंय! सोडा मला!"

"खोकता हा ना? आवाज येता तवसर पोर आपला आपण बघता. तू बोट घातलंस तर पुढचो आत ढकलतलंस. आवाज गेलो, की धाव. मग मी तुझ्या आधी धावतलंय."

पोरानं दोनदा खोकून तुकडा पुढं आणला, जिभेवर घोळवला आणि गिळला. मग हातातल्या उरलेल्या मुटक्याकडे असं रोखून बघितलं, जणू भांडण त्याच्याशीच झालं होतं. आणि पुन्हा तोंडात घातला.

मुटकेबायनं ताटातला एक मुटका उचलून माझ्यापुढं धरला. "खा. पण दात लावू नको हां." मी जिभेनं तो टाळ्याला दाबला. विरघळल्यासारखा पसरला. म्हणाली, "माझे पुढचे दात गेले त्याका धा वर्सां झाली. मी आधी खातंय. माझ्या जिभेक जमला तर त्यांच्या जिभेक जमतला." प्रत्येक घाण्यातला पहिला मुटका ती असा स्वतः तपासून घेई, हा तिचा पहिला कायदा. नुसतं बसवलेलं पोर जरा जरी कलंडलं, तर त्याला ताटली मिळत नसे. "बसाक येत नाय, त्याका खाऊक येत नाय," हा दुसरा कायदा. आणि पोरं खात असताना ती जागेवरून उठत नसे. दारात कुणी आलं तरी मान न वळवता बोले.

मी एक वही सुरू केली. कुठलं पोर कितव्या महिन्यात काय धरतं, किती खातं, कधी थांबतं. एकदा तिनं विचारलं, "काय लिवतस?" मी म्हटलं, "तुमचे मुटके." ती हसली. "लिवून पोट भरता काय? पीठ मळाक बस." मी मळायला बसले. माझी उकड तडकली.

तिचा तिसरा कायदा मला फार दिवस कोडं होऊन राहिला. झोपलेलं पोर ती ठेवून घेत नसे. बाईला कितीही घाई असो, भोंगा वाजत असो, पोराला जागं करून, रडवून का होईना, पण डोळे उघडे असलेलं पोरच तिच्या हातात द्यायचं. बायकांना हा जाच वाटे. झोपलेलं पोर उलट किती सोयीचं! मी कारण विचारलं, तर तिनं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "माका कळाक व्हया, पोर झोपलाहा की झोपवल्यानी."

त्याचा अर्थ मला काशीच्या पोरीमुळं कळला. काशी आमच्याच मजल्यावरची, रत्नागिरीकडची, अंगानं किडकिडीत आणि कामाला वाघीण. तिची पारू तेव्हा आठ महिन्यांची. एका सकाळी काशीनं तिला गाढ झोपलेली आणली. मुटकेबायनं जागं करायला सांगितलं. काशी म्हणाली, "रात्रभर रडत होती हो बाय, आत्ता कुठं डोळा लागलाय." मुटकेबायनं पारूची मूठ घेतली. मूठ नव्हतीच, हात ओल्या फडक्यासारखा पसरला. तिनं पोरीची पापणी वर केली आणि मला हाक मारली, "नर्सबाय, हयसर ये. डोळो बघ."

मी पाहिलं. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. श्वास सावकाश, मोजून घेतल्यासारखा. मी पारूला उचललं आणि तशीच दवाखान्याकडे पळत सुटले. मागून काशी. त्या दिवशी डॉक्टरांनी पोरीला वाचवलं. अफूची गोळी होती. तिच्यावर बंदी होती, तरी मिळायची. आणि गिरणीत जाणाऱ्या कितीतरी घरांतून पोरं त्या गोळीवर दिवसभर झोपत. काशीच्या सासूनं दिली होती, काशीला पत्ताही नव्हता. संध्याकाळी काशी मुटकेबायच्या पायांवर पडून रडली. मुटकेबायनं तिला उठवून बसवलं. एवढंच म्हणाली, "रडला तर रडू दे. माझे कान जाड आसत."

तोवर मुंबईसह महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. रोज कुठं सभा, कुठं मोर्चा, कुठं हरताळ. गिरण्या बंद पडत, पुन्हा सुरू होत. गोळीबार झाला त्या दिवसांत अश्रुधुराचा वास आमच्या गॅलरीपर्यंत आला, तेव्हा मुटकेबायनं खिडकी-दारावर ओली लुगडी टांगली आणि सगळ्या पोरांना मोरीजवळ बसवून मुटके खायला घातले. "मुंबई आपलीच ऱ्हवतली," ती त्यांना सांगत होती, "पण आधी ह्या संपवा." संचारबंदीत आया गिरणीत अडकल्या, तर पोरं तिच्याकडेच राहत. तिनं कधी झेंडा धरला नाही, घोषणा दिली नाही. पण ज्या बायका मोर्चात जात, त्यांच्या पाठीमागं ही खोली होती.

शेवंता त्यांतली एक. पलीकडच्या चाळीत तळमजल्याला राहायची, साताऱ्याकडची. तिच्या घरच्यांनी नुकताच धम्म घेतला होता, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर लागली होती आणि त्यानंतर झालेल्या मुलाचं नाव तिनं राहुल ठेवलं होतं. शेवंता बोलायला सडेतोड. राहुलला मुटकेबायकडे ठेवायला आली तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आम्ही कोण ते ठावं हाय न्हवं? मागनं कुणी बोलायला नको." मुटकेबायनं राहुलची मूठ बघितली आणि म्हणाली, "घट्ट आसा. बस." झालं. राहुल तेव्हा अंगावरच प्यायचा. दुपारच्या सुट्टीत शेवंता गिरणीतून पळत यायची, पाजायची, पळत जायची. त्यामुळं बाकीच्या बायकांचं काही अडलं नाही. पोर एका कोपऱ्यात बसतं, आमच्या ताटलीतलं खात नाही, एवढ्यावर सगळ्या गप्प होत्या.

राहुलला आठवा महिना लागला असताना बायकांचा एक सत्याग्रह निघाला. शेवंता पाळी सुटल्यावर तिकडे गेली. संध्याकाळपर्यंत सोडतात, असं सगळ्या म्हणत होत्या. त्या दिवशी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, शिक्षा झाली, काही आठवड्यांची, आणि तिला मुंबईबाहेरच्या तुरुंगात हलवलं. तिच्या नवऱ्यानं, पोराला आईजवळ पाठवायला परवानगी द्या, असा अर्ज केला. त्या अर्जाचं उत्तर आलंच नाही.

राहुल काही घेईना. बाटली तोंडाला लावली की मान वळवी. चमच्यानं दूध घातलं तर थुंके. वाटी, बोंडलं, कापसाचा बोळा, मला येत होतं तेवढं सगळं मी करून पाहिलं. थोडंसं पाणी पोटात जाई, तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे ओठ सुकलेले दिसले आणि रडण्यातलं बळ गेलं. मी म्हटलं, "बाय, उद्या सकाळी मी त्याला दवाखान्यात नेणार. नळी घालून दूध द्यावं लागेल." ती म्हणाली, "ने. मी अडवूक नाय. पण आज संध्याकाळ माझी."

तिनं एक भोपळ्याचा लांबट मुटका त्याच्यापुढं ठेवला. राहुलनं उचलला, नाकाशी नेला आणि टाकून दिला. नाचणीचाही टाकला. मुटकेबाय बराच वेळ त्या टाकलेल्या मुटक्यांकडे बघत बसली. मग एकदम उठून मला म्हणाली, "पोरांकडे बघ," आणि जिना उतरून गेली. ती पोरांना सोडून गेलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

परत आली ती हातात पिठाची पिशवी, चार लसणाच्या कुड्या आणि मूठभर मुगाची डाळ घेऊन. शेवंताच्या घरी गेली होती. तिच्या नवऱ्याला विचारलं होतं, तुझी बायको रोज काय जेवते? तो बिचारा गोंधळला. मग आठवून आठवून सांगितलं: ज्वारीची भाकरी, लसूण घालून मुगाचं वरण. मुटकेबायनं त्यांच्याच डब्यातलं पीठ मागून आणलं.

"हेच पीठ का?" मी विचारलं.

"आठ म्हैने ह्येना काय चाखल्यान? दूध. दूध कशाचा? ती खायची त्याचा. ह्येका भोपळो कोण? नाचणी कोण?" ती उकडीला आधण ठेवत म्हणाली. "ओळखीचा काय तरी व्हया गो."

हे तिला कुणी शिकवलं असेल, असं मला वाटत नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, आईच्या जेवणाची चव दुधात उतरते असं मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं. तेव्हा मी फक्त आ वासून बघत होते.

टोपाला वाफ धरली आणि पाळी सुटून काशी पारूला न्यायला आली. पिशवी तिनं लगेच ओळखली.

"बाय, ह्ये पीठ कुणाकडचं?"

"शेवंताकडचा."

"आणि शिजवणार ह्याच टोपात? आमच्या पोरांच्या?"

"होय."

काशीचा चेहरा पडला. भांडायला आली नव्हती ती. "बाय, माझी सासू पारूला घरात घ्यायची नाय. तुम्ही एकट्या, तुमचं चालून जातं. आमाला गावाकडं तोंड दाखवायचंय."

"पोटात गेल्यावर पिठाक घर नसता, काशी."

"तुमचं खरं असेल. पण मला जमायचं नाय."

मुटकेबायनं पारूचे हात ओल्या फडक्यानं पुसले, तोंड पुसलं आणि तिला काशीच्या कडेवर दिलं. दुसरी एक बाई दारातच उभी होती, तिनंही आपलं पोर उचललं. दोघी गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईनं हिची पोर वाचवली! मी काही बोलणार तोच मुटकेबाय म्हणाली, "आता बोलू नको. वाफ जाता."

तिनं लसूण तुपात मऊ केला, डाळ घोटली, ज्वारीच्या उकडीत मळली. ज्वारी लवकर तुटते. तिचे दोन मुटके फुटले, तिसरा जमला. तो जिभेनं दाबून पाहिला. चौथा गार करून राहुलच्या ताटलीत ठेवला आणि आपण शेजारी भिंतीला टेकून बसली, त्याच्याकडे न बघता. उरलेल्या तीन पोरांनाही तेच दिलं. ती खाऊ लागली.

राहुल त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं मुटका उचलला. नाकाशी नेला. तो तसाच थांबला, नाकाशी मूठ धरून, आणि एकदम त्याचं तोंड रडायला झाल्यासारखं वाकडं झालं. रडला मात्र नाही. मुटका चोखू लागला. वर आलेलं डोकं चोखून चोखून संपवलं, मग मुठीतला काढायची खटपट सुरू झाली. तो निघेना म्हणून ओरडला. मुटकेबायनं दुसरा पुढं सरकवला. त्यानं तोही संपवला. आणि वाटी ओठाला लावली तेव्हा दूधही दोन घोट घेतलं. मुटकेबाय भिंतीकडे तोंड करून पदरानं नाक पुसत होती. मला म्हणाली, "धूर फार झालो."

पुढचे काही आठवडे राहुल त्या खोलीत वाढला. रात्री बाप न्यायचा, सकाळी आणून सोडायचा. आधी ज्वारीचे, मग ज्वारीत थोडी नाचणी, मग भोपळा, अशी तिनं त्याला एकेक नवी ओळख करून दिली. गेलेल्या दोन पोरांच्या ताटल्या फळीवर पालथ्या पडून होत्या. चाळीत कुजबुज चालली होती. मुटकेबाय गॅलरीतून जाताना बायका गप्प होत, आणि ती मात्र "काय गो, जेवलंस?" असं नेहमीसारखंच विचारी.

शेवंता सुटली त्या दिवशी दुपारी थेट वर आली. वाळली होती. दारात उभी राहून तिनं हात पसरले. राहुलनं तिच्याकडे पाहिलं आणि मुटकेबायच्या लुगड्यात तोंड लपवलं. शेवंता मटकन खाली बसली. "ओळखलं न्हाई मला," ती म्हणाली. "दूध बी आटलं माझं. आता काय घिऊन जाऊ मी त्याला?"

हात धरून मुटकेबायनं शेवंताला चुलीजवळ बसवलं आणि पिठाची परात पुढं सरकवली. "मळ." शेवंतानं रडत रडत मळलं. पहिला मुटका तिच्या हातचा निघाला तो वेडावाकडा. राहुल एव्हाना रांगत तिच्यापर्यंत आला होता. त्यानं तो घेतला, चोखला, मग अर्धा ओला मुटका वर करून तिच्या ओठांना लावला. शेवंतानं तोंड उघडलं. त्यानं तो आत कोंबला आणि खदखदून हसला. त्या हसण्यावर शेवंतानं त्याला उचललं, आणि त्यानं उचलू दिलं.

ती दोघं गेल्यावर, उजेड असतानाच, मी मुटकेबायला शेवटी विचारलं. इतक्या महिन्यांत मी तिला पिठाबद्दल, हाताबद्दल, ठसक्याबद्दल विचारलं होतं. तिच्याबद्दल कधीच नाही. "बाय, हे सगळं तुम्ही कुणासाठी शिकलात?"

ती ताटल्या घासत होती. घासतच बोलली. "माझी मुलगी व्हती. मी गिरणीत जायचंय. शेजारीण म्हणाली, गोळी दी, गपचीप पडान ऱ्हवता. मीच दिलंय. दुसऱ्या कोणी नाय, मीच." तिनं ताटली पालथी ठेवली. "झोपायची. खायची नाय. अंगान सुकत गेली. माका वाटला, गुणी हा, रडत नाय. एक दिवस तिच्या हातात बोट दिलंय, तर धरल्यानच नाय." पुढचं तिनं सांगितलं नाही. माझी वही उंबऱ्यावर पडली होती, ती मी उचलून घेतली. त्या पानावर काय लिहावं ते मला कळेना, म्हणून ते कोरंच राहिलं.

महाराष्ट्र झाला. परळ-लालबागला तोरणं लागली, रोषणाई झाली, मुटकेबायनं त्या दिवशी पोरांना गूळ घातलेले मुटके केले. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तुकडा चिंचोक्याएवढा आहे की मोठा, ते तिला बोटांनी चाचपून बघावं लागे. एक दिवस ती म्हणाली, "माका दिसत नाय, तर पोरा ठेवची नाय." पुतण्याला पत्र लिहायला लावलं. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या आणि तो न्यायला आला.

भाऊच्या धक्क्यावर पोचवायला आम्ही पंधरा-वीस जणी होतो. काशी आली होती. त्या दिवसानंतर ती कधी मुटकेबायच्या खोलीत गेली नव्हती. पारू घरीच सासूजवळ वाढली होती आणि आता काशीच्या कडेवर दुसरं बाळ होतं, सात महिन्यांचं. ती मागं गर्दीत उभी राहिली. मुटकेबायला ती दिसली की नाही, कोण जाणे. शेवंता मात्र तिच्या अगदी जवळ होती. तुरुंगातून आल्यावर दीड-दोन वर्षं तिनं गिरणी सांभाळून दर सुट्टीचा दिवस त्या चुलीशी काढला होता. मुटकेबायनं तिचा हात हातात घेऊन बोटं चाचपली आणि म्हणाली, "तुझा पीठ माझ्यापेक्षा मऊ होता." एवढंच. मग पुतण्यानं तिला फळीवरून बोटीत चढवलं. ती वळून आमच्याकडे बघत हात हलवत होती, पण दिशा जरा चुकली होती. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी माणसांना निरोप देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन-चार बायका सवयीनं पोरं घेऊन दुसऱ्या मजल्यावर आल्या. दाराला कुलूप. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आल्या होत्या. सवयीनं नव्हे, पण त्यांत काशीही होती. तिची सासू पावसाळ्यात वारली होती, आणि बाळाला ठेवायला कुणी नव्हतं. तेवढ्यात शेवंता जिना चढून वर आली. धापा टाकत होती. "मी गिरणी सोडली," ती म्हणाली. "कालच नाव काढून आले. माझ्याकडं आणा." बायका कुलपाकडे बघत राहिल्या. शेवंता पुन्हा म्हणाली, "आणायचं आसंल त्यांनी आणा. मी कुणाला वढून न्यायची न्हाई," आणि वळून खाली उतरली.

पहिला भोंगा झाला. एक बाई पुटपुटत आल्या पावली घरी परतली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काशी कुणाकडेच बघत नव्हती. तिनं बाळाला सावरलं आणि जिना उतरू लागली. मी कठड्यावरून वाकून बघत होते. ती गल्ली ओलांडून पलीकडच्या चाळीपाशी गेली, शेवंताच्या दाराबाहेर थांबली, हात लांब करून बाळ आत दिलं, आणि मागं न बघता गिरणीच्या दिशेनं धावत सुटली. तिच्यामागून त्या दोघीही गेल्या.

संध्याकाळी माझी ड्यूटी सुटली तेव्हा मी मुद्दाम त्या वाटेनं आले. काशी बाळाला न्यायला येऊन उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिनं हाक मारली. आतून शेवंताचा आवाज आला, "आत ये की. खातंय आजून, उठवू कसं?"

काशीनं चपला काढल्या आणि ती आत गेली.